पित्ताची गोळी

वडिलांचा लघवीचा त्रास घरात सगळ्यांत आधी मेंढरांना कळला म्हणायचं. माणसांना त्यांनी सांगितलंच नव्हतं. कळप सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला चरायला नेला की ते बाभळीआड इतका वेळ थांबत, की मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरत. शेतवाला भांडायला आला, तेव्हा मी त्यांना हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं.

प्रोस्टेटची गाठ वाढली होती. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मला बजावलं, "या गोळीनं एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो, चक्कर येते. आधी बसतं करा, मग कुणीतरी हात धरून उभं करा. या वयात हाडं ठिसूळ असतात. पडले तर चालणं जाईल."

चालणं गेलं तर मेंढक्याकडे उरतं काय? पण एस.टी.त वडील माझ्या कानाशी लागले, "घरी सांगू नको. सुनायच्या कानावर गेलं तं मी तोंड कसं दाखवू?"

"मायला तरी सांगू का?"

"न्हाई. पित्ताची गोळी म्हण."

मी तसंच म्हटलं. मी शाळेत मास्तर. पण घरात लघवीचं नाव काढायची मलाही लाजच वाटत होती. गोळी लागू पडली, वडील खूश झाले. मी घरी असलो की हात धरायचो, नसलो की सावकाश उठा म्हणून सांगून जायचो. जन्मभर मेंढरांमागे पळालेल्या माणसाला सावकाश उठा म्हणणारा मी शहाणाच.

एका दुपारी मी शाळेत असताना बहिणीचे सासरे आले. आमच्यात व्याही दारात दिसला की मुलीच्या बापानं बसून राहायचं नसतं. सामोरं जाऊन त्याच्या हातातली पिशवी घ्यायची असते. वडील बाजेवर आडवे होते. ते ताडकन उठले, दोन पावलं टाकली आणि उंबऱ्यावर कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. माय पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच जवळ उभी होती.

ऑपरेशन झालं, तरी ते पुन्हा कधी मेंढरांमागे गेले नाहीत. पुढच्या वर्षी कळप विकला.

दवाखान्यात भरती करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "कोणती गोळी चालू होती?"

"पित्ताची," माय चटकन म्हणाली.

मग मला खरं सांगावं लागलं. गोळी कशाची, ती घेतल्यावर उठताना काय जपायचं, सगळं. माय ऐकत राहिली. डॉक्टर गेल्यावर माझ्याकडे वळली.

"लघवीचं मला तुमच्या आधी ठावं होतं. धोतरं कोण धुतं रे? गोळीचं तेवढं सांगायचं होतं. मी हात धरला असता."