उजव्या अंगठ्याचं नख

जाफराबादकडच्या एका गावात माझी बदली झाली तेव्हा तिथल्या मुलींना नखं वाढवायची हौस आहे, असंच मी धरून चालले होते. सहावी-सातवीतल्या सात-आठ जणींच्या फक्त उजव्या अंगठ्याचं नख लांब, आणि त्याच्या कडेला हिरवट-काळा डाग. मी रागावले. मला रागवायला तसं फार कारण लागत नाही. शेवटी एकीने सरळच सांगितलं, "मॅडम, नख न्हाई तर कळी कशी सोलायची?"

गावात एका परदेशी कंपनीसाठी कपाशीचं संकरित बियाणं तयार व्हायचं. दुपारनंतर कपाशीची कळी नखाने सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाचं फूल घासायचं. असं एकेक कळीला. मुलींची बोटं बारीक आणि मजुरी निम्मी, त्यामुळे हंगामात मधल्या सुट्टीनंतर माझा वर्ग ओस पडायचा. मी घरोघरी फिरले, आयांशी भांडले. "थोड्या दिवसाचं काम हाय मॅडम, मंग येतीलच की," एवढंच उत्तर मिळायचं.

कंपनीचा नियम मात्र कडक होता. शेतात शाळकरी मूल कामाला दिसलं, तर त्या गावाचं बियाणं घ्यायचं नाही. मुलींच्या मजुरीत भागेल असाच भाव द्यायचा आणि वर हा नियम! एका वर्षी परदेशातून तपासणीला पाहुणे येणार असं कळलं. कंपनी आणि शेतकरी यांच्यामधला माणूस, ज्याला सगळे ऑर्गनायझर म्हणत, तो आदल्या दिवशी शाळेत आला.

"मॅडम, पाहुणे शाळेत बी येऊन राह्यले. मागं एका गावात त्यांनी पोरींचे हात पाह्यले. नखं तेवढी बराबर करून घ्या. तुमची तर स्वच्छतेची तपासणी असतीच."

त्याला तिथूनच हाकलायला हवं होतं. पण मी घाबरले. गावाचं बियाणं परत आलं असतं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. शिवाय मनात एक लबाड विचार होता: नखच नसलं तर पोरी शेतावर जाणार नाहीत, वर्गात बसतील. एका दगडात दोन पक्षी. स्वतःची समजूत घालण्यात आम्हा शिकवणाऱ्यांचा हात कोणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर नेलकटर घेऊन बसले. सगळ्यात लहानखुरी जी होती, तिने हात मागे घेतला. "मॅडम, आई मारंल." मी तिचं मनगट धरलं आणि नख अगदी मुळापर्यंत कापलं. डाग निघेना म्हणून लिंबू चोळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं नाही असं केलं.

पाहुण्या बाईंनी खरंच हात पाहिले. एकेक अंगठा उलटा-सुलटा करून. सोबतच्या दुभाष्याने विचारलं, शाळा सुटल्यावर काय करता? "अभ्यास!" पोरी एका सुरात म्हणाल्या. हे मी शिकवलं नव्हतं. बाई हसल्या, स्वच्छ हातांचं कौतुक केलं, फोटो काढून गेल्या. मला हायसं वाटलं. आज हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लहानखुरी शाळेत आली ती ओठ सुजवून. तोंडातून लाळ गळत होती. पायरीवरच ओकली.

"काय खाल्लंस गं?"

"काहीच न्हाई. नख नव्हतं ना मॅडम. दातानं सोलल्या."

आदल्याच सकाळी त्या शेतात कीटकनाशक फवारलं होतं.

आई शेतावर होती. तिला निरोप धाडला आणि रस्त्यावरची पहिली जीप थांबवून मी पोरीला घेऊन जाफराबादच्या दवाखान्यात निघाले. ती माझ्या मांडीवर आडवी पडली होती, घामाने भिजलेली. खड्ड्यात जीप आदळली की माझा जीव वर-खाली व्हायचा. हिचं काही झालं तर, एवढंच डोक्यात. मधेच तिने माझा पदर ओढला.

"मॅडम, पाहुण्यांना सांगू नका. गावाचं बियाणं वापस येईल."

"नाही सांगत," मी म्हणाले.

पोरगी वाचली. दोन दिवसांनी घरी आली. आणि मी खरंच कुणाला सांगितलं नाही.