जाळी धुण्यापुरता वेळ

वारज्यात कालव्याच्या अंगाला तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथंच मेहनाज राहते आणि कपड्यांवर छपाई करते. सुती कापड आणि पाण्यात कालवलेली शाई. प्लास्टिकची शाई चकचकीत दिसते, ती का नाही वापरत, असं एका गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चकचकीत हवं असेल तर रेनकोट घ्या." चित्रं धाकटी बहीण सुमय्या काढायची, मेहनाज ती चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीवर उतरवून, तिच्यातून शाई दाबून छापायची.

या शाईचा एक जाच आहे. हात थांबला की ती जाळीत वाळते, भोकं बुजतात आणि चित्र कायमचं जातं. म्हणून काम थांबवायचं तर आधी जाळी धुवायची. दारात पाहुणे उभे असले तरी. मेहनाजच्या हातांना हे सांगावंही लागत नाही.

रक्ताच्या आजारानं सुमय्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीतल्या हॉस्पिटलात होती. तिथं पडल्यापडल्या तिनं गवताच्या काडीवर बसलेली दोन इवली पाखरं, मुनिया, काढली.

"एक जरा जाडी झालीये," मेहनाज म्हणाली.

"ती तू आहेस, आपा. कापडावर छापून आण, मग नावं ठेव."

मेहनाजनं पहिला कुर्ता छापला आणि फोन वाजला. सुमय्याचा नवरा शहेजाद बोलत होता. "आपा, लगेच निघा."

"निघालेच," ती म्हणाली, आणि फोन बंद न करताच जाळी नळाखाली धरली. कोपरे, कडा, पुन्हा एकदा उलट बाजूनं. जाळी स्वच्छ झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण अजून घरातच आहोत.

ओला कुर्ता हातावर घेऊन ती पोचली तेव्हा शहेजाद जिन्यापाशी उभा होता.

"आत्ताच," तो म्हणाला.

"पुलावर गर्दी होती," ती म्हणाली.

शेवटी माणसाला शुद्ध नसतेच, असं तिथल्या नर्सनं सांगितलं. त्या एका वाक्यावर मेहनाजनं पुढचे दिवस काढले.

सुमय्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर शहेजाद मेहनाजकडे आला.

"आपा, एक सांगू? मनाला लावून घेऊ नका. फोनवर मला नळाचा आवाज आला होता."

मेहनाजनं शाईच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"ती विचारत होती, आपा कुठंय. मी म्हटलं, जाळी धुतायत. तर हसली. म्हणाली, धुऊ दे, नाहीतर मुनिया जातील." तो तिचं ओझं हलकं करायला आला होता. "रागावली नव्हती हो. अगदी नीट बोलत होती."

"नीट बोलत होती?" मेहनाजनं विचारलं.

"हो. दाराकडे बघत होती."

मेहनाजनं त्याला चहा करून दिला. तो गेल्यावर कप विसळायला ती उठली, पण तिच्यानं नळ सोडवेना.