काट्याचा पाना

स्कूटरचं हेड आमच्या डोंबिवलीच्या घरात, ओट्याखाली, एका जुन्या पातेल्यात पडून होतं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. तेल गळतंय म्हणून नवऱ्याने एका रविवारी ते उघडलं आणि त्याच आठवड्यात त्याचे रिपोर्ट आले. मग कुठलं हेड न् कुठली स्कूटर. ठाण्याच्या हॉस्पिटलात केमोच्या फेऱ्या सुरू झाल्या, स्कूटर खाली पार्किंगमध्ये प्लास्टिक पांघरून उभी राहिली आणि मी रोज केर काढताना ते पातेलं पायाने आत सारत राहिले.

केमो संपली. गाठ गेली, असं डॉक्टर म्हणाले. नातेवाइकांचे फोनवर फोन. मी आपली हो ना, हो ना करत होते. मला आनंदबिनंद काही झाला नाही. रडूही आलं नाही, तेव्हाही नाही आणि त्याआधीही नाही. भाजीत मीठ घालायचं, गोळ्या काढून द्यायच्या, ऑफिसला जायचं. कुणी विचारलं कशी आहेस, की म्हणायचं मजेत. दुसरं काय सांगणार, कपाळ?

औषधांनी त्याच्या हातांची जाणीव मात्र नेली. हात हलायचे, वस्तू धरायचे, पण काय धरलंय ते हातांना कळायचं नाही. शर्टाची बटणं मी लावायचे. चहा स्टीलच्या पेल्यात द्यायचे, कारण कप फुटून फुटून संपले होते. डॉक्टर म्हणाले, जाणीव बहुतेक हळूहळू येईल, काहींची येत नाही. हळूहळू म्हणजे किती, हे मी विचारलं तर ते पुढच्या तारखेची चिठ्ठी लिहायला लागले.

हा माणूस जन्मभर हाताने जगलेला. मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांचा गीझर, सगळं याच्याकडे. नट किती आवळायचा हे त्याला बोटांतून कळायचं. नट किती जोराने आवळला जातोय हे मोजणारा एक पाना असतो, टॉर्क रेंच म्हणतात त्याला. कुणी तो वापरला की हा हसायचा. हात काय जेवायला दिलेत का, म्हणायचा.

जरा बरं वाटायला लागल्यावर एका सकाळी त्याने पातेलं बाहेर ओढलं आणि हेड न् साधा पाना घेऊन खाली गेला. अर्ध्या तासात वर आला. नट आवळत गेला, आवळतच गेला, आणि नट ज्यावर बसतो त्या इंजिनातल्या दांड्याचे आटेच उडाले. हाताला काही कळलंच नाही. तो पाटावर बसला आणि हेड परत पातेल्यात ठेवलं. मी म्हटलं, मेकॅनिक बोलावते, त्यात काय एवढं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "हे मला जमलं नाही तर स्कूटर भंगारात दे. मग मी कशालाच हात लावणार नाही."

मी ओळखते त्याला. कशालाच म्हणजे कशालाच. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसला असता आणि मरेपर्यंत बसला असता. जेवताना मात्र हळूच म्हणाला, एक टॉर्क रेंच बघशील का, स्वस्तातला.

बघितला. फोनवर मागवला. लाल डब्यातला, भलाथोरला, वर भरपूर स्टार. डबा उघडून हा म्हणाला, अगं, हा गाडीच्या चाकांसाठी आहे, याचे आकडेच अठ्ठावीसपासून सुरू होतात, आपल्याला पंधरा हवेत. झालं! तो परत पाठवला. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू उपयोगाची असावी लागते, हे भांडी घेताना मला बरोबर कळतं, इथे नाही कळलं.

मग शनिवारी मी कल्याणला हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदाराने छोटा पाना काढला. यावर पंधरा लावायचे, नट तेवढा आवळला गेला की पाना हातात 'टक्' करतो, की थांबायचं. त्याने शिकंज्यात एक नट धरून करून दाखवलं. मीही केलं. हाताला बारीकसा झटका बसला. छान आहे की, म्हटलं, आणि पैसे काढता काढता थांबले. झटका कळायला हात हवा ना.

माझ्या पिशवीत भांडी उतरवायचे जाडे हातमोजे होते, त्याच दिवशी घेतलेले. मी दोन्ही एकाच हातात चढवले, एकावर एक, आणि पुन्हा पाना ओढला. काहीही कळलं नाही. आवाज म्हणावा तर बाहेर रिक्षांचा गोंगाट. नट फिरतच राहिला. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मॅडम, हातमोजे घालून कोण काम करतं, असं म्हणाला. मी म्हटलं, माझा नवरा करतो.

आवाज करणारा, दिवा लागणारा एक होता, पण त्याची किंमत ऐकून मी तो हातातही घेतला नाही. शेवटी त्याने खालच्या खणातून एक धुळकट पाना काढला. ना टक् ना दिवा. लांब दांडा, त्याला एक बारीक काटा आणि खाली आकड्यांची पट्टी. जसजसं ओढावं तसतसा काटा सरकतो. आता हा कुणी घेत नाही, म्हणाला, ओढता ओढता वाकून बघायला लागतं. सगळ्यांत स्वस्त होता. मी घेतला.

नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ओढणार मी, पण एवढं वाकून काटा कोण बघणार? मी म्हटलं, मी काय मेले का?

रविवारी आम्ही खाली गेलो. त्याने इंजिनात नवा दांडा बसवला, हेड ठेवलं, समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायला घेतले. मी शेजारी उकिडवी बसले. काटा बरोबर वरून बघायचा, तिरका बघितला की चुकतो. माझे गुडघे बोंबलत होते. आठ, दहा, बारा, मी सांगत होते आणि तो ओढत होता. पंधरावर बस म्हटलं की थांबत होता. त्याची नजर माझ्या तोंडाकडे होती, नटाकडे नाहीच. चारही नट बसले. एकाचेही आटे गेले नाहीत.

किक मारायला त्याच्या पायात जोर नव्हता. ती मी मारली. सातव्या-आठव्या किकेला स्कूटर धूर सोडत सुरू झाली. मला वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. आता वर जाऊन कुकर लावायचा, एवढंच डोक्यात आलं.

इंजिन थोडा वेळ चालू दिलं. जोडातून हवा निसटतेय का हे बोटांनी चाचपून बघायची त्याची जुनी सवय. तसा तो वाकला आणि त्याने हेडवर अख्खा हात टेकला. लगेच काढला नाही. मग काढला आणि हाताकडे बघत राहिला.

"चटका बसला," तो म्हणाला.

मी इंजिन बंद केलं. कुठे, असं विचारलं. त्याने अंगठ्याच्या खालची जागा दाखवली. बोटंही लाल झाली होती, पण तिथे काही नाही म्हणाला. फक्त इथे. खरंच बसला गं, म्हणाला.

त्याचा हात नळाखाली न्यायला हवा होता. मला सुचेना. मी पुढे झाले आणि तो जिथे हात ठेवून उभा होता तिथेच माझा हात ठेवला.

आई गं! असा भाजला की मी किंचाळलेच. एवढं तापलंय आणि त्यावर हात ठेवून उभा काय राहतोस, अक्कल गहाण टाकलीस का, तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं रे, अशी जी सुटले ती सुटलेच. वॉचमन खुर्चीतून उठून बघायला आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि माझं तोंड थांबत नव्हतं. नवऱ्याने माझा हात मनगटाला धरला आणि मला पार्किंगच्या नळाकडे नेलं. आम्ही दोघांनी धारेखाली हात धरले. दुखतंय का, त्याने विचारलं. खूप, मी म्हटलं.