डावीकडची पट्टी

आमच्या मोटार खात्यात किस्से गोळा करावे लागत नसत. ते आपोआप साठायचे, पंख्यावर धूळ साठते तसे. मी मुलुंडच्या शाखेत टायपिस्ट होते. विमा कंपनीचं ऑफिस, दुसरा मजला, खाली रस्ता, आणि माझ्या टेबलावर दोनच महत्त्वाच्या वस्तू. एक टाइपरायटर, दुसरी डिंकाची बाटली.

डिंक कशाला? तर गाडीच्या विम्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असायचा: मूळ गाडीत काही फेरबदल केलेत का? केले असतील तर मी त्याची चिठ्ठी टाइप करायची आणि पॉलिसीवर चिकटवायची. एंडॉर्समेंट म्हणायचे तिला. न कळवता गाडीत काही बदललंत आणि उद्या ठोकलीत, तर क्लेमच्या नावानं बोंबला.

आमचे पेडणेकर साहेब मालवणकडचे. उंचीनं कमी, आवाजानं जास्त. त्यांचं एकच वाक्य: "लिहून द्या." कुणी म्हटलं साहेब, आज उकडतंय, तरी ते सवयीनं म्हणायचे, लिहून द्या. आणि खरी गंमत सांगू? अख्ख्या मोटार खात्यात गाडी चालवता येणारा एकही माणूस नव्हता. साहेब स्वतः भांडुपहून बसनं यायचे.

*

घाटकोपरचे एक शेठ होते, कापडाचे व्यापारी. पद्मिनी गाडी. फॉर्मवर फेरबदल: काही नाही. साहेब इन्स्पेक्शनला खाली उतरले. शेठनी गाडी चालू केली आणि समोरच्या इराण्याच्या हॉटेलातल्या बरण्या थरथरायला लागल्या. काळा धूर आमच्या खिडकीपर्यंत आला.

साहेबांनी विचारलं, गाडी पेट्रोलचीच ना? शेठ म्हणाले, हो हो. मग खोकते का? शेठ म्हणाले, थंडी आहे ना साहेब. एप्रिल महिना चालू होता.

साहेब जवळ गेले आणि हळूच मालवणीत म्हणाले, "खरां काय तां सांग रे." ते मालवणीत आले की भलेभले वितळायचे. शेठनी खिशातून पेन काढलं आणि बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं: गाडी पेट्रोलचीच आहे, फक्त इंजिन डिझेलचं आहे.

तो कागद मी खूप दिवस ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता.

*

आता कांबळे गुरुजी. म्युनिसिपल शाळेत शिक्षक, साताऱ्याकडचे, राहायला मुलुंडलाच. खोटं बोलायचं म्हटलं तर घाम फुटणारा माणूस. त्यांनी जुनी पद्मिनी घेतली होती. गाडी त्यांच्या नावावर, पण चालवायच्या त्यांच्या मिसेस. त्या सरकारी दवाखान्यात नर्स, सगळे त्यांना कांबळे सिस्टरच म्हणत. सिस्टरांनी रीतसर क्लास लावून पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं. गुरुजी तीनदा नापास झाले आणि मग त्यांनी नाद सोडला. लेक बोरिवलीला दिलेली, तिला नुकतं बाळ झालेलं. दर रविवारी दोघं पवईवरून गाडी घेऊन नातवाला बघायला जायची.

एके दिवशी गुरुजी एकटेच आले. आवाज खाली करून म्हणाले, एक फेरबदल कळवायचाय. भांडुपच्या गॅरेजातून त्यांनी गाडीला डावीकडे, म्हणजे स्वतःच्या पायाशी, दुसरा ब्रेक बसवून घेतला होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असतो तसा.

"शाळा काढताय?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो. विद्यार्थिनी एकच, आणि ती पास झालेली आहे." गुरुजींनी रुमालानं मान पुसली. "तिला मी सांगितलंय, गुडघे दुखतात म्हणून पाय ठेवायची पट्टी बसवलीय. ब्रेक आहे हे कळलं ना साहेब, तर तिला वाटेल माझा तिच्यावर भरवसा नाही. किल्ली देवापुढे ठेवून देईल आणि पुन्हा हात लावणार नाही. मग नातवाकडे कसं जायचं?"

मग कळवता कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण गुरुजींना ते जमणारं नव्हतं. बायकोशी खोटं बोलले तेवढ्यानंच त्यांची दोन रात्रींची झोप उडाली होती. साहेबांनी लिहून घेतलं. मी चिठ्ठी चिकटवली आणि फाइल कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

*

काही माणसं लपवायची, काही इतकं सांगायची की नको व्हायचं. मुलुंडचेच एक रिटायर्ड गृहस्थ बायकोला घेऊन आले. त्यांची यादी दोन पानी. आरशाला लटकवलेली चंदनाची माळ, मागच्या काचेतला प्लॅस्टिकचा गुलाब, लिंबू-मिरची (दर शनिवारी बदलली जाते), आणि सीटची विणलेली कव्हरं, पत्नीच्या हातची, चार.

साहेब म्हणाले, ठीक आहे, कव्हरांची किंमत लिहा. गृहस्थांनी पेन उचललं. बायको शेजारीच बसलेली, कागदाकडे बघत. त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पाणी प्यायले आणि मग लिहिलं: अमूल्य.

साहेबांनी चष्मा वर केला. "सामंत बाई, अमूल्यावर प्रीमियम किती टक्के बसतो, जरा बघा."

मी दराचं पुस्तक उघडून खरंच बघितलं हो!

*

मढचा किस्सा तर झकास. तिथं एक डिसोझा आंटी होत्या. बंगला शूटिंगला द्यायच्या. एका गाण्यासाठी शूटिंगवाल्यांना उघडी गाडी हवी होती, तर त्यांनी आंटीच्या जुन्या अँबेसेडरचं छप्पर करवतीनं कापलं. नंतर चार कड्या लावून परत बसवून दिलं. आंटींनी इमानदारीत कळवलं: छप्पर आता पातेल्याच्या झाकणासारखं निघतं.

इन्स्पेक्शनला साहेब आणि मी वर्सोव्याहून होडीनं गेलो. बघतो तर छप्पर अंगणात उभं करून ठेवलेलं आणि गाडीत, पुढच्या सीटपासून मागच्या काचेपर्यंत, दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. आंटी म्हणाल्या, काचा वर केल्या की मांजर येत नाय, ऊन पण मस्त लागतं.

फॉर्मवर गाडीचा वापर लिहायचा असतो. साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग मला सांगितलं, लिहा, खाजगी व घरगुती.

निघताना आंटींनी साहेबांच्या पिशवीत बळेच बोंबलाचं पुडकं घातलं. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, चहासुद्धा न घेणारा हा माणूस! परत करावं तर बाई दुखावते, ठेवावं तर लाच होते. शेवटी ऑफिसला आल्यावर त्यांनी मला इनवर्ड रजिस्टरमध्ये नोंद करायला लावली. सुके बोंबील, एक पुडकं, मढहून, मिळाले. मगच ते सगळ्या स्टाफला मोजून वाटले. त्या रजिस्टरला पुढं कितीतरी दिवस वास येत होता.

हे मुद्दाम सांगते. साहेब असे होते. जे आहे ते कागदावर आलंच पाहिजे, मग ते बोंबील का असेनात.

*

गुरुजींची चिठ्ठी चिकटवून दोन-तीन महिने झाले असतील. एका दुपारी कांबळे सिस्टर आल्या, एकट्या. ड्यूटीवरून थेट, पांढऱ्या साडीत. माझ्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, गाडीत एक बदल झालाय, तो कळवायचाय. पण ह्यांना कळता कामा नये.

मी साहेबांना बोलावलं.

सिस्टर म्हणाल्या, एकदा रिकाम्या रस्त्यावर गाडी आपोआप थांबली. बघते तर हे डोळे मिटून दोन्ही पाय रोवून बसलेले. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली, तर मिस्त्रीनं सगळं सांगितलं.

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय, आतली कांडी काढून टाकायला लावली. आता तो ब्रेक कशालाच जोडलेला नाही. पट्टी तेवढी राहू दिलीय. हे दाबत बसतात बिचारे, तेवढंच त्यांना बरं वाटतं." त्या हसल्या. "भित्रे आहेत हो फार. तो ब्रेक नाही हे कळलं तर पुन्हा गाडीत पाय ठेवणार नाहीत. आणि ह्यांना सोडून मी एकटी नातवाकडे कशी जाऊ?"

पेच असा की फेरबदल कळवायला मालकाची सही लागते, आणि मालक गुरुजी! साहेबांनी सिस्टरांकडून ड्रायव्हर म्हणून लिहून घेतलं, कागद पाकिटात घातला आणि पाकीट त्याच फाइलला टाचलं. आता एकाच फाइलमध्ये नवऱ्याचं बायकोपासून आणि बायकोचं नवऱ्यापासून, दोन्ही. मी मैत्रिणींपाशीसुद्धा बोलले नाही. किती जड गेलं ते माझं मला माहीत.

*

आणि मग व्हायचं तेच झालं. एका रविवारी पवईला तलावाजवळ म्हैस आडवी आली. कांबळ्यांची गाडी जागच्या जागी थांबली. म्हैस वाचली, मागचा टेंपो काही थांबला नाही. डिकी आत गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

सोमवारी दोघं क्लेम घेऊन आली. तीच चेपलेली गाडी चालवत. क्लेमच्या फॉर्मवर मालकाची सही लागते आणि ड्रायव्हरचीही, त्यामुळे दोघांना यावंच लागलं. आमचे सर्व्हेअर कर्णिक खाली गाडी तपासायला गेले.

मी पाणी भरायला उठले तर गुरुजी मागोमाग आले. कुजबुजत म्हणाले, "बाई, मी दाबला म्हणून वाचलो." छाती फुगली होती त्यांची. ते झेरॉक्स काढायला गेले तशा सिस्टर माझ्याकडे झुकल्या. म्हणाल्या, वेळेवर दाबला मी. हे आपले पाय आपटत होते.

गुरुजी परत येऊन बसले आणि तेवढ्यात कर्णिक वर आले. चांगला माणूस, पण तोंडाला झाकण नाही. दारातूनच सुरू झाले, "साहेब, त्या गाडीत डावीकडे एक पेडल आहे, आणि ते तर..."

"कर्णिक, बसा."

कर्णिक बसले. गुरुजींचा चेहरा उतरला. सिस्टरांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. दोघंही साहेबांकडे बघत होती, एकमेकांकडे नाही. मी टाइपरायटरवर हात ठेवून बसले होते आणि मनात म्हणत होते, साहेब, आज नका हो, आज एक दिवस नका.

साहेबांनी फाइल उघडली. गुरुजींची चिठ्ठी मनातल्या मनात वाचली. पाकीट उघडून सिस्टरांचा कागद वाचला. पुन्हा चिठ्ठी वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"सामंत बाई, नवी चिठ्ठी घ्या. डाव्या बाजूस पाय ठेवण्याची पट्टी, एक. जादा प्रीमियम नाही."

"पण साहेब," कर्णिक म्हणाले, "ती पट्टी म्हणजे..."

"पट्टी," साहेब म्हणाले. "खरां काय तां मी लिहून दिलंय."

मी टाइप केली. साहेबांनी डिंकाची बाटली स्वतःकडे ओढली आणि नवी चिठ्ठी जुन्या चिठ्ठीवर, चारही कोपरे दाबून, चिकटवली. पाकीट खिशात घातलं. मग फॉर्म पुढं केला. गुरुजींनी सही केली, सिस्टरांनी सही केली. दोघांनीही साहेबांचे आभार मानले, जरा जास्तच वेळ.

ती दोघं खाली उतरली तशी मी खिडकीत गेले. साहेबही आले. सिस्टरांनी आधी डावीकडचं दार उघडून गुरुजींना बसवलं, दार लावलं आणि खिडकीतून आत वाकून म्हणाल्या, "पाय नीट ठेवा हं पट्टीवर."

"ठेवलेत," गुरुजी म्हणाले. "तू चालव."