रेणुका फोटो स्टुडिओतला धूमकेतू

भुजंग मोटेगावकर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि नळाची तोटी बसवावी तसं बसवलं. आधी उजवीकडं, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं, इतकं की माझ्याच कॉलरचा मागचा मळ मला दिसला. मग हनुवटी वर, खांदे खाली, पोट आत आणि श्वास त्याच्या परवानगीनं. मी बदलीवर रेणापूरला आलो होतो आणि ऑफिसच्या ओळखपत्रासाठी मला एक लहानसा फोटो हवा होता, एवढंच. अर्ध्या तासानं मान परत मिळाली आणि दुसऱ्या दिवशी फोटो मिळाला. फोटोत काश्मीरकडचा एक गोरापान, निरोगी आणि बहुधा अविवाहित तरुण होता. ते ओळखपत्र गळ्यात घालून ऑफिसला गेलो, तर शिपायानं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, "साहेब अजून आले न्हाईत. बसा तोवर."

मी भांडायला गेलो. भुजंगला तक्रारच कळेना.

"साहेब, मी काय टाकलंय का त्यात? तोंड तुमचंच हाय. फक्त साफ केलं."

त्याच्या दुकानात दोन प्रकारची कामं चालत. एक जोडकाम. गिऱ्हाईकानं वारलेल्या आजोबांचा आधार कार्डावरचा चेहरा आणायचा, भुजंग त्याला कोट, टाय आणि गुलाबी फेटा चढवायचा. तालुक्यातली निम्मी माणसं मेल्यावरच पहिल्यांदा कोटात आली. रुसून लग्नाला न आलेला थोरला भाऊ घरच्या फोटोत उभा करायचा, तोही हसताना. हे सगळं गिऱ्हाईक सांगेल तसं, उघडपणे. दुसरं काम सफाई. ते कुणी सांगावं लागत नसे. चेहऱ्यावरची पुटकुळी, नवरीच्या मागं लोंबणारी विजेची तार, जेवणाच्या पंगतीतली माशी, सगळं तो न विचारता पुसायचा. हॉटेलवाला कप विसळतो म्हणून कुणाला सांगत बसतो का, असं त्याचं म्हणणं. आणि सफाई झाली की मूळ फोटो तो कायमचा उडवून टाकायचा.

"नवरीची पुटकुळी माझ्या कॉम्प्युटरात कशाला ऱ्हायली पाहिजे? गिऱ्हाईकाची इज्जत हाय ती."

स्टुडिओचं नाव रेणुका. ते गावच्या देवीचं की त्याच्या बायकोचं, हे समोर कोण उभं आहे त्यावर तो ठरवायचा. वय अठ्ठेचाळीस, अंगात बारा खिशांचं जाकीट, आणि त्या बाराही खिशांत मिळून कधी एक चालू पेन सापडलं नाही.

अशा माणसाला मी आकाशाच्या नादाला लावलं. नांदेडला आमचा हौशी आकाशमित्रांचा ग्रुप आहे. त्याचे प्रमुख आनंदराज सर, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. सरांचा पुराव्याशिवाय कशावरच विश्वास नाही. स्वतःच्या जन्मतारखेवरही नाही, कारण ती गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली एक जून आहे. त्यांची मुलगी लुंबिनी लातूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ग्रुपमधली दुर्बीण तिच्या हातात असते आणि बाकीच्यांच्या हातात डब्बे असतात. आम्हाला एक भक्कम तिपाई आणि एक गाडी हवी होती. भुजंगकडं दोन्ही होतं. तो आला. आकाश म्हणजे त्याच्या दृष्टीनं आजवर फक्त बॅकग्राऊंड होतं. पण दुर्बिणीतून शनीची कडी पाहिल्यावर तो म्हणाला, "काम सफाईदार हाय."

दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात तो मोठा धूमकेतू आला आणि सरांनी ग्रुपवर जाहीर केलं की नोव्हेंबरच्या अखेरीस नांदेडला धूमकेतूच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव आणि गाव. नियम एकच: फोटोत काही बदल करू नये, शंका आल्यास मूळ फोटो दाखवावा लागेल.

भुजंगनं तो मेसेज मला दुकानात तीनदा वाचून दाखवला. नियम नव्हे, नावाचा भाग.

"साहेब, तीस वर्षं झाली. ह्या तालुक्यात भिंत न्हाई जिच्यावर माझा फोटो न्हाई. पण नाव कुठं हाय? अल्बमवर नवरा-नवरीचं. बॅनरवर पुढाऱ्याचं. मयताच्या फोटोखाली मयताचं. माझं नाव कुठंच न्हाई."

"मागं शिक्का असतो की."

"भिंतीकडं तोंड करून," आतून रेणुकावहिनी म्हणाल्या. "पालीच वाचतात."

तेव्हापासून भुजंगला दुसरं काही सुचेना. छायाचित्र : भुजंग मोटेगावकर, रेणापूर. अशी पट्टी त्यानं चार प्रकारच्या अक्षरांत छापून ठेवली. फोटो अजून काढायचा होता.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी आम्ही चौघं रेणापूरजवळच्या धरणाच्या भिंतीवर जमलो. आधीचे दोन दिवस ढगांनी खाल्ले होते. सोयाबीनच्या मळण्या चालू होत्या, त्यांचा धुरळा क्षितिजावर बसला होता, वर चंद्रही जवळजवळ भरलेला. सर दोघांवरही चिडले होते.

"हे लोक आजच मळणी करून राहिले?"

"सोयाबीनला धूमकेतूचं वेळापत्रक कुणी कळवलं नाही, बाबा," लुंबिनी म्हणाली.

सूर्य बुडाला, पाणी राखाडी झालं, डावीकडं शुक्र लागला. सात वाजायच्या सुमाराला लुंबिनीनं हात केला. पाण्याच्या वर, टेकडीच्या रेघेपासून वीतभर, तो होता. आधी नख उमटल्यासारखा, मग डोळे सरावले तशी वर लांब गेलेली फिकट शेपटी. सरही पुरावा मागायचे विसरले.

भुजंगनं तिपाई रोवली. तीस वर्षांची सवय, ती कुठं जाणार? डोळा कॅमेऱ्याला लावून त्यानं डावा हात वर केला आणि धूमकेतूला म्हणाला, "हलू नका. जरा मान वर."

"भुजंगराव, तो ऐंशी हजार वर्षांनी आलाय," सर म्हणाले. "त्याला काय सांगता?"

"सर, एवढ्या लांबून आलेला पाव्हणा अवघडूनच बसतो. सांगावं लागतं."

चाळीस मिनिटांत त्यानं शंभरावर फोटो काढले. धूमकेतू टेकडीमागं गेल्यावर कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर त्यातला एक आम्हाला दाखवला. खाली पाण्यात उजेडाची रेघ, टेकडीवर एक बाभूळ, तिच्यावर शेपटी पसरून तो. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा लागणार," सर म्हणाले. सरांच्या तोंडून भविष्यकाळ फार क्वचित निघतो.

निवडीसाठी रविवारी नांदेडला सरांच्या घरी जायचं होतं. भुजंगची गाडी, पुढं मी, मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळलेला मोठा प्रिंट, आडवा, पट्ट्यानं बांधलेला. लोहा येईपर्यंत भुजंगनं गाडी इतकी हळू चालवली की मागून येणाऱ्यांना आत आजारी माणूस आहे असं वाटत असावं.

सरांच्या बैठकीत लुंबिनीनं आधी बाकीच्यांचे फोटो लॅपटॉपवर लावले. कुणी नांदेडहून, कुणी उमरीहून, कुणी लातूरच्या गच्चीवरून काढलेले, सगळे सोमवारचेच. काही हललेले, काही धुरकट. पण प्रत्येकात धूमकेतूच्या पुढच्या बाजूलाही, सूर्याकडं, सुईसारखी एक बारीक रेघ होती.

"ही उलटी शेपटी," लुंबिनी म्हणाली. "वाटेत टाकलेली धूळ. ती चकतीसारखी पसरलेली असते. पृथ्वी बरोबर त्या चकतीच्या रेषेत आली की ती आपल्याला कडेनं दिसते, एवढीशी. दोन-तीन दिवस दिसते, मग गेली. ह्या खेपेला आपल्याला ती सोमवारी सापडली, हे नशीब."

मग भुजंगनं चादर सोडली. फोटो बाकी सगळ्यांच्या वरचढ होता, ह्यात वाद नाही. लुंबिनी वाकली. फोटोच्या जवळ गेली, लांब आली.

"भुजंगकाका, पुढची रेघ कुठाय?"

"कोणची?"

"ही. सगळ्यांच्यात आहे ती."

"ती काडी व्हय?" भुजंग खुशीत आला. "ती मी पुसली की. मला वाटलं लेन्सवर केस पडला. शंभराच्या शंभर फोटोंत होता. चांगल्या मानसाच्या नाकापुढं काडी कशाला? दोन तास लागले, पण बघा, मागमूस हाय का?"

सर खुर्चीत मागं टेकले.

"भुजंगराव, नियम वाचला होता ना? फोटोत बदल करू नये."

"मी काय टाकलं का त्यात, सर? देवाशप्पत सांगतो, एक ठिपका टाकला न्हाई. त्यो वरचा चंद्र जरा खाली सरकवून इथं आणला असता तर लई उठून दिसला असता, पण मी हात लावला न्हाई."

"पण पुसलंत."

"पुसणं म्हंजे बदल व्हय?"

"मग काय?"

"सफाई हाय ती." त्यानं लुंबिनीकडं पाहिलं. "ताई, तुम्हीच म्हणालात ना आत्ता, धूळ हाय म्हणून? मी धूळच पुसली."

सरांनी आयुष्यात हजारो पोरांच्या चुका दुरुस्त केल्या असतील. ह्या चुकीला कुठून हात घालावा हे त्यांना कळलं नसावं. ते उठले, पाणी पिऊन आले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मूळ फोटो द्या. तोच लावू. नाव तुमचंच."

भुजंगनं चादरीची घडी घालायला घेतली. मला त्याच्या आधी कळलं.

"उडवले," मी म्हणालो.

"सगळे? शंभरही?" सरांनी विचारलं.

"हाव," भुजंग म्हणाला. "काम झालं की मी ठेवत न्हाई, सर. काडीवाला फोटो उद्या कुणाच्या हाती लागला असता तर?"

लुंबिनीनं कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मागितलं, उडवलेले फोटो परत मिळवायचा काहीतरी उपाय असतो म्हणाली. पण त्या कार्डावर त्यानं बुधवारी एक साखरपुडा आणि गुरुवारी एक बारसं भरलं होतं. तिनं तरी तासभर खटपट केली. बाळाचे पाय मिळाले.

परतीला गाडी नेहमीच्या वेगानं चालली. अहमदपूर आलं तेव्हा भुजंगनं काच खाली घेतली. मग म्हणाला, "साहेब, माझं इमान साफ हाय, हे तरी त्यांला पटलं असंल ना?"

"पटलं."

"मग झालं." ते झालेलं दिसत नव्हतं.

घरी रेणुकावहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप त्याच्यापुढं ठेवत म्हणाल्या, "नवरीच्या गळ्यातलं गंठण पुसून बघा एकदा. मग सासरचे सांगतेत पुसणं म्हंजे बदल हाय का न्हाई."

भुजंगनं कप उचलला नाही. "हे आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही इचारून पुसता का?"

सर कडक असले तरी आडमुठे नाहीत. त्यांनी फोन करून सांगितलं की धूमकेतू अजून महिनाअखेरपर्यंत दिसेल, कमी होत जाईल, उलटी शेपटी आता नाही, पण नवा फोटो काढा, जागा राखून ठेवतो. भुजंग रोज संध्याकाळी धरणावर जाऊ लागला. मी चार वेळा गेलो, तो अकरा वेळा. तीनदा पाऊस आला. दोनदा ढग. एकदा ढग सरायची वाट बघताना चंद्र उगवला, इतका झगझगीत की धरणावर पेपर वाचता आला असता. धूमकेतू दिवसेंदिवस वर चढत होता आणि फिका होत होता, पंगतीतून उठून निघालेल्या माणसासारखा.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी धूमकेतू एकदाचा कॅमेऱ्यात आला. डोळ्यांना जवळजवळ दिसतच नव्हता. भुजंगनं फोटो मोठा करून दुकानातल्या पडद्यावर लावला आणि मला बोलावलं. काळपट आकाशात एक पांढुरका डाग. एका कोपऱ्यातून विजेची तार गेलेली, खाली धुरळ्याचा पट्टा.

"मूळ हाय," तो म्हणाला. "हात लावला न्हाई. सर घेतो म्हणाले."

"मग द्या की."

त्याचा उजवा हात दोनदा माउसकडं गेला आणि मागं आला.

"तार बघा, साहेब. धुरळा बघा. आन् ह्याच्याखाली नाव कुणाचं, तर भुजंग मोटेगावकर, रेणापूर. नांदेडची हजार मानसं बघणार. म्हणतील, हा फोटोवाला हाय म्हणं, ह्याला साधी तार पुसता येत न्हाई."

"पण खरा फोटो आहे तो."

"खरा हाय. पण साफ न्हाई."

मी बराच वेळ समजावलं. सरांनी फोनवरून समजावलं. लुंबिनीनं तर त्या तारेचं शास्त्रीय महत्त्वही सिद्ध करून दाखवलं, त्यात काही तथ्य असेल असं मला वाटत नाही. भुजंग सगळ्यांना हाव म्हणाला. शेवटच्या तारखेपर्यंत त्यानं फोटो पाठवला नाही.

प्रदर्शन नांदेडला तीन दिवस चाललं. सतरा फोटो लागले, रेणापूरचा एकही नव्हता. तिन्ही दिवस भुजंग उदगीरकडं एका लग्नाच्या शूटिंगला गेला होता.