आत्तीनं परत पाठवलेला खांडा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. गाव कागलच्या पलीकडं. शेवटच्या तासाला बसलं की शेवटची एसटी चुकायची, म्हणून वडिलांनी मला कोल्हापुरात त्यांच्या आत्याकडं ठेवलं. घरात सगळेच तिला आत्ती म्हणतात, मीही तेच म्हणते. नव्वदीला टेकलेली, एकटी, लग्न न केलेली. एके काळी ती स्वतःचा टांगा हाकायची, स्टेशनपासून अंबाबाईच्या देवळापर्यंत. बाई टांगा हाकते म्हणून पोरं मागं पळायची, आणि ही वळून ओरडायची, "बसायचं तर पैसं काढ, न्हायतर मागं पळू नगंस. घोडं माझ्यापरास वाईट हाय!" हे मला गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. लग्न का केलं नाही, ते मात्र कुणी सांगत नसे.

ते मला तिच्याकडूनच कळलं. मी इतिहास घेतला आहे. एका संध्याकाळी सरदार घराण्यांतल्या चालीरीती मोठ्यानं वाचत बसले होते. मोठ्या घराण्यातल्या पुरुषानं कमी कुळीच्या मुलीशी लग्न ठरवलं, तर काही ठिकाणी तो स्वतः मांडवात जात नसे. त्याची तलवार, म्हणजे खांडा, पाठवत. मुलीनं खांड्याला हार घालायचा आणि खांड्याबरोबर सासरी यायचं. तिला घरात जागा मिळे, मान मिळत नसे.

आत्ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बी आलता की."

"काय आलतं?"

"खांडा. मोटारीतनं."

मला आधी ती चेष्टा करते असं वाटलं. मग ती थोडं थोडं सांगत गेली. तिचे वडील पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका जहागीरदारांकडं घोड्यांची देखभाल करायचे. आई नव्हती, म्हणून ही तबेल्यातच वाढली. कुणाला पाठीवर बसू न देणारं घोडं हिच्या हाताखाली गप उभं राहायचं. जहागीरदारांच्या धाकट्या मुलाला मात्र घोड्यावर धड बसता येत नव्हतं. एकदा तो सगळ्यांसमोर पडला. कुणी हसलं नाही, ही हसली. वर म्हणाली, "धाकलं सरकार, घोडं काय तुमच्या बाच्या चाकरीला न्हाय. ते कशाला भ्याल?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच तबेल्यात आला आणि म्हणाला, "शिकव मग."

त्यानंतरचं तिनं फारसं सांगितलं नाही, मलाही विचारवलं नाही. इतकंच कळलं की तो लग्नाचं बोलला आणि ही हो म्हणाली. तिची एकच अट होती. "तुम्ही सोता यायचं." तो "येईन" म्हणाला होता.

आली ती मोटार. कारभारी उतरले, त्यांच्या हातात लाल मखमलीत गुंडाळलेला खांडा. वडील हात जोडून उभे राहिले. एवढ्या मोठ्या घरातून मागणी आली, याचंच त्यांना रडू येत होतं. आत्ती म्हणाली, "हे लोखंड घिऊन जावा. मी माणसाला व्हय म्हनलंतं." मोटार परत गेली. तो आला नाही. पुढं त्याचं तोलामोलाच्या घरी लग्न झालं. वडिलांची चाकरी सुटली, आणि आत्ती एक म्हातारं घोडं घेऊन शहरात आली.

मी म्हणाले, "बरं केलंस." ती म्हणाली, "बरं का वाईट, केलं खरं."

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या बोळाच्या तोंडाशी एक गाडी थांबली. एक बाई आत आल्या, साध्या सुती साडीतल्या, घाबरलेल्या. त्या त्याच जहागीरदारांच्या घरातल्या सूनबाई होत्या.

"आजी, तुम्हीच का त्या टांगेवाल्या?"

"टांगा मोडला, वाली हाय अजून. बसा, पावणं."

त्या बसल्या आणि पदराचं टोक पिळत सांगू लागल्या. त्यांचे सासरे, म्हणजे ते धाकटे सरकार, सगळं विसरले होते. मुलांना ओळखत नव्हते. दिवसभर एकच विचारायचे, खांडा पोचला का. "पोचला म्हटलं की रडतात. नाही म्हटलं की अंगावर धावून येतात. जेवण सोडलंय. घरातल्या जुन्या आचाऱ्यानं तुमचं सांगितलं. एकदा याल का?"

आत्ती म्हणाली, "त्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय असं मी बाच्या म्होरं बोललोय. बा गेला, तरी बोलणं हाय."

सूनबाई रडल्या नाहीत. नमस्कार केला, मला पत्ता दिला, माझा फोन नंबर घेतला आणि निघून गेल्या. मला आत्तीचा राग आला आणि तिच्याबद्दल अभिमानही वाटला. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पुढचे काही दिवस ती धड जेवली नाही. मग एका सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "चल. कालिज बुडंल एक दिस."

त्यांचं जुनं घर आता मंगल कार्यालय झालं आहे. ते लोक शहरातल्या बंगल्यात राहतात. म्हातारे व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, पायांवर शाल. आत्ती पायरीशीच थांबली. मी तिचा हात धरला होता. त्यांनी तिच्याकडं बघितलं. ओळख पटली की नाही, मला सांगता येणार नाही.

"खांडा पोचला का?"

"न्हाय," आत्ती म्हणाली.

सूनबाईंनी डोळे मिटून घेतले.

"खांडा कशाला येतोय? तुम्ही सोता आलासा की."

"मी?"

"मग काय तर. घोड्यावरनं. वाटंत पडलासा बी. समदी वरात हसाय लागली, तुम्ही आपलं फेटा झाडून परत वर."

म्हातारे हसले. तोंडात दात नव्हते, पण त्या हसण्यात मला एक तरुण मुलगा दिसल्यासारखं झालं. मग ते पुढं वाकले. "मग लगीन?"

आत्तीनं माझ्या हातातला हात सोडवून घेतला. मला वाटलं, ती आता वळेल.

"झालं की," ती म्हणाली. "झालं."

त्यांनी हात पुढं केला. ती पायरी चढली आणि तो हात धरून उभी राहिली. त्यांचे डोळे वाहत होते, तिचे कोरडे होते.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "सगळ्या गावात मी एकटीच व्हतो, न्हाय म्हनलेली. त्येवढंच माझं व्हतं. त्ये बी दिऊन आलो." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही.

काही दिवसांनी सूनबाईंचा मला फोन आला. ते पहाटे गेले होते. त्या दिवसानंतर त्यांनी खांड्याचं पुन्हा विचारलं नाही, दोन घास जेवायचेही. मी आत्तीला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली.

आमच्याकडं आपलं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घेतात. परकं असेल तर नाही. तिनं विचारलं, "पोरी, मी पाणी घ्यायचं का न्हाय?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"तू शिकलीयास. सांग की."

मला खरंच माहीत नव्हतं. कुणाला विचारावं, तेही कळेना. मी उठले आणि पातेलं भरून गॅसवर ठेवायला गेले. म्हटलं, निदान पाणी तरी तापवून ठेवावं, मग तिचं ती ठरवेल.

"तापवू नगंस," ती मागून म्हणाली. "आपल्या माणसाचं थंडच घेत्यात."

आणि भिंतीचा आधार घेत ती न्हाणीकडं गेली.