शिवेवरचा षटकोन

सौंदर्याने अख्ख्या जिल्ह्याच्या नकाशावर षटकोनांची जाळी अंथरली, ती कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून. कोडच्या जेमतेम चाळीस ओळी. प्रत्येक षटकोनात महिन्यातून एकदा संस्थेची दवाखाना-गाडी जाणार, रक्तदाब तपासणार, गोळ्या फुकट देणार. जिल्ह्याच्या कडेला बाहेर लोंबणारे षटकोन तिच्या डोळ्यांत खुपत होते. म्हणून तिने नियम घातला: ज्याचा मध्यबिंदू जिल्ह्यात, तेवढाच ठेवायचा. नकाशा कसा नेटका झाला! साहेब खूश, ही त्याहून खूश.

तिचं गाव कर्नाटकाच्या शिवेला टेकलेलं. तिथे तिच्या आईला, मल्लव्वाला, रक्तदाबाचा त्रास. पण लेकीचं कौतुक असं, की तिने तालुक्याच्या डॉक्टरकडे जाणंच सोडलं. "माझी लेक गाडी धाडणार हाय. मी कशाला दुसऱ्याच्या दारात जाऊ?" गोळ्या संपल्या, हट्ट काही संपला नाही.

"कधी येती गं तुझी गाडी?" ती फोनवर विचारायची.

"यील की अव्वा. समदा जिल्हा घातलाय त्यात. एक गाव सोडलं न्हाय."

असे चार महिने गेले. ड्रायव्हरच टंगळमंगळ करत असणार, असं सौंदर्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. नकाशा उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. तेवढं मात्र या हुशार पोरीला सुचलं नाही.

पाचव्या महिन्यात मल्लव्वा गोठ्यात कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आईला माती देऊन परतल्यावर सौंदर्याने नकाशा उघडला. गावावर षटकोनच नव्हता. त्याचा मध्यबिंदू अर्धा किलोमीटर पलीकडे, कर्नाटकात पडत होता, आणि तिच्याच नियमाने तो उडवला होता. ती ऑफिसात ओक्साबोक्शी रडली. नियम बदलायला एक ओळ पुरली.

पुढच्या महिन्यात गाडी गावात आली, सोबत सौंदर्याही. रांगेत सगळ्यांच्या पुढे तिचे वडील, शिवपुत्र. "माझ्या पोरीनं आणली," ते येईल त्याला सांगत होते. नर्सने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, तसे ते लेकीकडे वळले.

"तुझी अव्वा म्हनतच हुती, येनार म्हनून. आनखी थोडं थांबली असती, तर तीबी हितं बसली असती की गं."

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून सौंदर्याने तोंड उघडलं.

"आता बोलू नका, आकडा चुकतो," नर्स म्हणाली.

सौंदर्या गप्प राहिली, ती कायमचीच.